दप्तर, खण आणि दारे : संस्थेच्या माहितीची मांडणी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर यंदा माझे नाव पाहून दोघातिघांनी फोन केले. "डॉक्टर, साहित्याच्या व्यासपीठावर तुम्ही साबुदाण्याच्या गोळ्यांवर बोलणार की काय?" असे एका स्नेह्यांनी विचारले. मी म्हणालो, "नाही, संस्थेच्या डेटा प्लॅटफॉर्मवर बोलणार आहे." त्यावर ते म्हणाले, "मग गोळ्याच बऱ्या होत्या."

त्यांचा दोष नाही. 'डेटा प्लॅटफॉर्म' हा शब्द ऐकला की बंगळूरच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. डेटाला कोणी 'विदा' म्हणते, कोणी 'माहितीसाठा'. मी आज सरळ 'दप्तर' म्हणणार आहे. बदलत्या काळात न मोडणारे, एकेक भाग काढून नवा बसवता येईल असे संस्थेचे दप्तर कसे उभारावे, हा माझा विषय. मी संगणकतज्ज्ञ नाही. बी.एच.एम.एस. झालेला, साठी ओलांडलेला होमिओपॅथ आहे. पण या विषयात मला एका प्रसंगाने ओढले, आणि तो आधी सांगितला पाहिजे.

मी सुमारे तीस वर्षे एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसतो. तिथे ॲलोपॅथीचे डॉक्टर आहेत, दातांचा विभाग आहे, रक्त-लघवीची तपासणी आहे, आणि एका खोलीत मी आहे. पूर्वी सगळ्यांचा मिळून एकच केसपेपर असे, पिवळ्या पुठ्ठ्याचा. पुढे संस्थेने संगणक घेतला, एक प्रोग्राम विकत घेतला. दहा-अकरा वर्षांनी तो प्रोग्राम करून देणाऱ्यांनी धंदा बंद केला, म्हणून दुसरा घेतला. जुनी माहिती नव्यात 'ओतून' दिली गेली, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्हीही पेढे वाटले.

दोन महिन्यांनी खानापूरकडची एक आजी आली. पायाला जखम, ताप. माझ्या शेजारच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरांनी पडद्यावर पाहिले, काही विशेष नोंद नव्हती, त्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन लिहिले. आमचे कंपाउंडर मामा चिठ्ठी हातात घेऊन थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या आजींना हे सोसत नाही. मागे अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता." मामांना ते आठवत होते, कारण त्या दिवशी आजीचे डोके त्यांच्याच मांडीवर होते. मी माझ्या खोलीतले जुने पुठ्ठे उपसले. माझ्याच अक्षरात लाल शाईने नोंद होती. पहिल्या प्रोग्राममध्ये ती 'शेरा' नावाच्या चौकटीत घातली होती. दुसऱ्या प्रोग्राममध्ये 'शेरा' ही चौकटच नव्हती. ओतताना तेवढे सांडले.

आजी वाचल्या. पण त्या दिवशी मला कळले की आमच्या संस्थेचे खरे दप्तर संगणकात नव्हते, मामांच्या डोक्यात होते. आणि मामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते.

त्यानंतर मी या विषयातले वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. आश्चर्य असे की अर्धे उत्तर माझ्याच कपाटात होते. होमिओपॅथीत 'रेपर्टरी' नावाचा ग्रंथ असतो. लक्षणांखाली औषधांची नावे लावलेला तो एक प्रचंड कोश. होमिओपॅथीच्या गुणावगुणांविषयी मतभेद आहेत, ते मला ठाऊक आहेत, आणि तो आजचा विषय नाही. मी फक्त मांडणीबद्दल बोलतो आहे.

मांडणीच्या दोन तऱ्हा आहेत. एक केंटची. तिची रचना झाडासारखी : आधी मन, मग डोके, डोळे, कान असे करत शेवटी सर्वसाधारण लक्षणे. डोके, त्यात दुखणे, त्यात सकाळी दुखणे, असे फांदीवरून फांदीवर जायचे. फांदी असेल तर उत्तम. रोग्याने सांगितलेली फांदी झाडालाच नसेल तर पंचाईत. दुसरी तऱ्हा त्याच्याही आधीची, बोनिंगहाउसेनची. त्याचा छोटा ग्रंथ १८४६ चा. त्याने लक्षण चार तुकड्यांत वेगळे केले : कुठे होते, काय वाटते, कशाने वाढते किंवा कमी होते, आणि सोबत आणखी काय असते. प्रत्येकाचा खण निराळा. रोगी समोर आला की चार खणांतून चार चिठ्ठ्या काढून जुळवायच्या. ग्रंथात कोणी आधी लिहून ठेवले नव्हते असे लक्षणही त्यामुळे शोधता येते.

हा बोनिंगहाउसेन मुळात कायदा शिकलेला, जमिनीच्या नोंदणीच्या कामावरचा अधिकारी आणि वनस्पतींचा अभ्यासक. मला वाटते, म्हणूनच त्याला हे सुचले असावे. सातबारा ज्याने हाताळला आहे त्याला कळते की जमीन, मालक आणि पीक या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मालक बदलला म्हणून जमीन बदलत नाही.

१९७० मध्ये आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड यांनी संगणकातल्या माहितीबद्दल एक निबंध लिहिला. आजचे बहुतेक हिशेब, बँका, रेल्वेची आरक्षणे त्या विचारावर उभी आहेत. त्याचा गाभा असा की माहिती यंत्राच्या पोटात कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. साध्या तक्त्यांत ती ठेवावी, एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, आणि प्रश्न पडेल तेव्हा तक्ते जोडून उत्तर काढावे. झाड आधीच ठरवून ठेवू नये, कारण उद्याचा प्रश्न आज कोणाला माहीत असतो?

मग खण किती आणि कसे पाडायचे? इथे डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा निबंध मला फार उपयोगी पडला. आपण सहसा काम कोणत्या क्रमाने चालते ते पाहून भाग पाडतो : आधी नाव नोंदणे, मग तपासणे, मग औषध, मग पावती. पार्नास सांगतात, तसे करू नका. कोणती गोष्ट पुढे बदलण्याची शक्यता आहे ते ओळखा, आणि ती एकेक गोष्ट एकेका भिंतीआड ठेवा. त्यांनी उदाहरण घेतले होते ते तुमच्या आवडीचे आहे : ओळींमधल्या शब्दांची सूची तयार करणारा प्रोग्राम.

आमच्या दवाखान्याचे पाहा. पूर्वी पैसे रोख येत. मग धनादेश आले. २०१६ नंतर यूपीआय आले आणि आता भाजीवालीसुद्धा चौकोनी चित्र पुढे करते. ही बदलणारी गोष्ट. ती फक्त पावतीच्या खणाला ठाऊक असावी. आमच्या पहिल्या प्रोग्राममध्ये 'रोख' हा शब्द रोग्याच्या नोंदीतच रुतवला होता, त्यामुळे पैसे घेण्याची रीत बदलायची तर रोग्याची नोंद फोडावी लागे. घराची वायरिंग बदलण्यासाठी देव्हारा पाडण्यातला हा प्रकार.

शेवटी आम्ही सहा खण ठरवले : व्यक्ती, भेट, निरीक्षण, औषध, पावती, औषधसाठा. आणि सातवा, छोटा पण सर्वांत वरचा : 'जपा'. कोणाला काय सोसत नाही, एवढेच त्यात. हा खण कोणत्याही खोलीतून उघडला तरी आधी दिसतो. शेऱ्याच्या चौकटीत जीवनमरण ठेवायचे नाही, हा आजीने शिकवलेला धडा.

खणांना दारे हवीत, आणि दारांचे नियम लेखी हवेत. तपासणी विभागाने साखरेचा आकडा पाठवायचा तर कोणत्या एककात, कोणत्या तारखेच्या रूपात, कोणत्या क्रमांकाखाली, हे एका कागदावर ठरलेले असावे. मग आत त्यांनी यंत्र बदलले, प्रोग्राम बदलला, माणूस बदलला तरी आम्हाला त्याचा पत्ता लागायचे कारण नाही. लवचीकपणा म्हणतात तो हाच. आत हवे ते करा, दार तेवढे जागेवर ठेवा.

आता क्रमांकाचे. आमच्या सीमाभागात एकच माणूस मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरा आणि इंग्रजीत तिसरा होतो. अण्णाप्पा, अन्नाप्पा, आण्णाप्पा. कोणी आडनाव आधी लावतो, कोणी गावाचे नाव आडनाव म्हणून सांगतो. नावावरून माणूस ओळखायला गेलो तर एकाचे तीन होतात किंवा तिघांचा एक होतो, आणि दुसरा प्रकार अधिक घातक. म्हणून प्रत्येकाला एक अर्थहीन क्रमांक द्यावा. अर्थहीन हे मुद्दाम म्हणतो. क्रमांकात गाव, वर्ष, विभाग कोंबायचा मोह होतो. पण ज्यात अर्थ आहे ते बदलते.

गावांचेही तसेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या बारा शहरांची नावे सरकारी कागदावर बदलली, त्यात आपलेही शहर आले. या सभागृहात त्यावर काय बोलले जाईल ते मी जाणतो, आणि माझ्या तोंडीही बेळगावच येते. पण दप्तराने भांडायचे नसते. स्थळाला एक क्रमांक द्यावा, आणि त्याच्या खाली कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कागदावर कोणते नाव, याची यादी ठेवावी. जुने नाव खोडायचे नाही, नवे नाकारायचे नाही. २०१० ची पावती २०१० च्याच नावाने छापली गेली पाहिजे.

याच ठिकाणी मला लहानपणी पाठशाळेत शिकलेले चार शब्द आठवले : द्रव्य, क्षेत्र, काल, भाव. कोणतीही गोष्ट समजून घ्यायची तर ती कोणती वस्तू, कुठे, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत, हे पाहावे, असे आमच्या परंपरेत सांगतात. रक्तदाब '१५०/९०' ही माहिती नाही, नुसता आकडा आहे. कोणाचा, कोणत्या खोलीत मोजलेला, किती वाजता, आणि दोन जिने चढून आल्याआल्या की दहा मिनिटे बसल्यावर, हे कळले म्हणजे तो आकडा माहिती होतो. आमच्या निरीक्षणाच्या खणात आता ही चार घरे भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही. तरुण डॉक्टर सुरुवातीला कुरकुरले. आता तेच नव्यांना सांगतात.

आता एक धोका. तुकडे करून जुळवण्याच्या पद्धतीवर होमिओपॅथीतही जुना आक्षेप आहे : जुळवताना असे लक्षण तयार होऊ शकते जे कोणा माणसात कधी दिसलेच नव्हते. संगणकातही तेच घडते. दोन तक्ते चुकीच्या दोऱ्याने जोडले की न घडलेली हकीकत पडद्यावर छापील अक्षरांत येते, आणि छापील अक्षरांवर लोक विश्वास ठेवतात. म्हणून रोग्याचे मूळ बोलणे जसेच्या तसे वेगळे ठेवले पाहिजे.

माझ्या वडिलांचे किराणा-भुसाराचे दुकान होते. त्यांच्याकडे आधी कच्ची वही असे. जसे घडेल तसे तीत उतरायचे, खाडाखोड नाही. चूक झाली तर खाली उलटी नोंद करायची. संध्याकाळी त्यावरून रोजमेळ. रोजमेळावरून खातेवही, माणसागणिक. आणि वर्षाअखेर ताळेबंद. ताळेबंदात शंका आली तर खाते, खात्यात शंका आली तर रोजमेळ, तिथेही आली तर कच्ची वही. आज मोठमोठ्या कंपन्यांत कच्चा थर, शुद्ध केलेला थर आणि अहवालाचा थर अशी रचना करतात, तेव्हा मला वडिलांची लाल कापडी वही दिसते. आमच्या संस्थेची चूक अशी झाली होती की आम्ही ताळेबंद जपला आणि कच्ची वही रद्दीत घातली.

लिपीचा प्रश्न तर तुम्हा साहित्यिकांच्या अगदी घरचा. जुन्या काळी मराठी संगणकावर जे फाँट वापरले जात, त्यांत दिसायला देवनागरी असे, पण पोटात रोमन अक्षरांचे संकेत असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की गिचमिड दिसे. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण वापरात यायला आपण पुष्कळ वर्षे घेतली. मधल्या काळात लिहिलेले किती तरी मजकूर आज शोधता येत नाहीत. आमच्या जुन्या नोंदी बदलून घेतल्या तेव्हा 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक पुसला गेला होता. तुमच्या संस्थेची जुनी व्याख्याने कोणत्या फाँटमध्ये आहेत, हे एकदा घरी गेल्यावर पाहा.

एकाच ठिकाणी, एकाच रूपात अडकलेल्या माहितीचे काय होते, याचे आमच्या समाजातले एक उदाहरण सांगतो. षट्खंडागम या प्राचीन ग्रंथावरची धवला टीका शतकानुशतके फक्त मूडबिद्रीला होती. ताडपत्रांवर, जुन्या कानडी लिपीत. दर्शन घेता येई, वाचता येत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी खटपट करून नकला करायला लावल्या, कानडीत आणि नागरीतही. १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. पुढे सोळा खंड झाले. ताडपत्र, कागद, छापा. कानडी, नागरी : रूपे बदलली म्हणून ग्रंथ आपल्या हाती आला. ज्यांनी तो कुलपात जपला त्यांचे उपकार आहेतच, पण नक्कल करणाऱ्यांचे उपकार कमी नाहीत. जपणे आणि बाहेर काढता येणे, दप्तराला दोन्ही लागते.

म्हणून नवा करार करताना आम्ही तीन अटी घातल्या. माहिती संस्थेची, प्रोग्राम करणाऱ्याची नव्हे. संपूर्ण माहिती कोणालाही उघडता येईल अशा साध्या तक्त्यांच्या रूपात, युनिकोडमध्ये, दर महिन्याला आमच्या हाती. आणि वर्षातून एकदा त्या तक्त्यांवरून कोऱ्या संगणकावर दप्तर पुन्हा उभे करून दाखवायचे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे पावसाळ्याआधी न उघडलेली छत्री.

'सगळ्या संस्थांची माहिती एका मोठ्या हौदात का टाकू नये?' असे कोणी विचारेल. सरकारने २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले, त्यात मुद्दाम तसे केलेले नाही. रोग्याला चौदा आकडी आभा क्रमांक, पण नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडे. रोग्याने संमती दिली तर ठरलेल्या दारातून दुसऱ्याकडे जायच्या. रचना म्हणून हे मला पटते. ज्याचे दप्तर त्याच्या घरी, दारे मात्र सारख्या मापाची.

आणि किती गोळा करायचे, यालाही मर्यादा हवी. आमच्या जुन्या फॉर्मवर जात, उत्पन्न, घरात माणसे किती, असे सगळे विचारले जाई. कशासाठी, ते कोणालाच सांगता येईना. आम्ही अकरा रकाने काढून टाकले. अपरिग्रह फक्त धनधान्याचा नसतो. लोकांच्या खासगी गोष्टींचा साठा हाही परिग्रहच, आणि तो फुटला तर त्याचे पाप साठवणाऱ्याकडे. २०२३ च्या कायद्यानेही ठरलेल्या कारणासाठी लागेल तेवढेच घ्या, असे बजावले आहे.

शेवटी एक सावधगिरी. लवचीक म्हणजे वाटेल ते कुठेही लिहिता येईल, असे नव्हे. 'इतर' नावाचा खण केला की सहा महिन्यांत सगळे दप्तर त्यात जाऊन बसते. आणि सुटे भाग म्हणजे शेकडो भाग, असेही नव्हे. लहान संस्थेने चाळीस खण केले तर चाळीस किल्ल्या सांभाळायला माणूस कुठून आणणार? मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिले आहे की संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्यांनी घडवलेली यंत्रणा होते. आमचे औषधवाले आणि तपासणीवाले एकमेकांशी बोलतच नसत. आमचा पहिला प्रोग्रामही तसाच होता. म्हणून आम्ही आधी संगणक बंद ठेवला आणि चार शनिवार सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवले. मामांना मध्ये बसवले. त्यांना जे आठवत होते ते एकेक करून 'जपा' खणात उतरवले. एकशे बारा नावे निघाली. त्यांतली एकोणीस संगणकात कुठेच नव्हती.

मामा आता गावी असतात. परवा फोनवर म्हणाले, "डॉक्टर, आता रात्री झोप लागते. एवढी माणसं डोक्यात घेऊन झोपायचो, कोणी निसटू नये म्हणून."

श्रोतेहो, तुमच्याही संस्थेत असे एखादे मामा असतील. कोणते पुस्तक कोणाकडे गेले आहे, कोणत्या सभासदाने देणगी देताना काय अट घातली होती, कोणत्या जुन्या अंकाची एकच प्रत उरली आहे, हे ज्यांना तोंडपाठ आहे असे. संगणक पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. पण या महिन्यात त्यांच्यासमोर एक वही घेऊन बसा. तेवढी एक गोष्ट झाली तरी माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.